उघाडीवाला महादू आणि आम्ही दोघे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सोसायटीच्या जिन्याखाली जुन्या सायकली साठतात, तसे ते साठतात. कुणी ठेवल्या ते आठवत नाही, आणि भंगारात द्यायला मन होत नाही.

तळवलीच्या कट्ट्यावर आम्ही तिघं बसतो. तिघांचेही धंदे गेले. मी मिठागरात चिखल तुडवायचो, गफूरभाई मचव्यातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, मीठ न्यायचा आणि महादू उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. उधाणाची भरती आली की दार उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं, आणि भरती पुरी झाली की लगेच पाडायचं. जरा उशीर झाला की आलेलं सगळं पाणी परत खाडीत!

मी बोलायला हळू. माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. म्हणून लिहून ठेवतोय, पण सध्या लिहितानाही एका जागी बसवत नाही. महादूमुळे. ते पुढे येईलच.

* * *

आधी माझी फजिती सांगतो. पावसाळ्यानंतर मिठागराची जमीन मऊ पडायची. आम्ही आठ-दहा जण रांगेत उभं राहून टाचांनी ती तुडवायचो, फरशीसारखी घट्ट होईपर्यंत. नाहीतर मिठात चिखल यायचा.

गेल्या वर्षी सोसायटीत सिमेंटचा नवा रस्ता केला. सकाळी खाली उतरलो तर गेटपासून पार्किंगपर्यंत सगळं ओलं, मऊ, आणि एकाही माणसाचं पाऊल नाही! मला राहवेना. चपला काढल्या, पॅन्ट दुमडली आणि एका कडेनं सुरुवात केली.

अर्धा रस्ता झाला तेव्हा सेक्रेटरी धावत आले. "काका, हे काय केलंत!"

मी म्हटलं, "तुमची माणसं तुडवायचं विसरली होती. काळजी करू नका, उरलेलं दुपारपर्यंत होईल."

* * *

गफूरभाई मूळचा जासईकडचा. आता पोराचं दुकान तुर्भ्याला, आणि राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये. ओहोटीला त्याचा मीठ भरलेला मचवा खाडीच्या चिखलात बसायचा. मग कुणी घाई करायची नाही. चूल पेटवायची, जेवायचं, पडून राहायचं.

एकदा आमची लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत पाच जण. एक मॅडम फोन उंच धरून "नेटवर्क नाही, नेटवर्क नाही" ओरडतायत. एक जण दारावर लाथा घालतोय. गफूरभाईनं पिशवी ठेवली, खाली बसला आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

"बसा हो, टेन्शन कशाला? मचवा रुतला की धक्का द्यायचा नसतो. पानी आलं की आपसूक हलतो."

पाऊण तासानं लाइट आली, लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं. गफूरभाई गाढ झोपलेला! मॅडमनी हलवून उठवला, तर डोळे न उघडता विचारतो, "कुठलं बंदर आलं?"

* * *

आता महादू. मिठागरातली लग्नं अष्टमी-नवमीला धरायची रीत होती. तेव्हा भरती बेताची असते, उघाडीवर काम नसतं. पण महादूच्या सासऱ्याचा भटजी गावाबाहेरचा. त्यानं मुहूर्त काढला पौर्णिमेचा, दुपारी बाराचा. नेमका उधाणाच्या भरतीचा!

अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं चालू. महादूची चुळबूळ वाढली. अक्षता पडायच्या आत नवरा मुंडावळ्यांसकट पळत सुटला, थेट बांधावर. अर्ध्या तासानं गुडघाभर चिखल घेऊन परत आला आणि पाटावर उभा राहिला.

पोरगी हार घेऊन तशीच थांबलेली. हार घालताना एवढंच म्हणाली, "सवत हाय हे मना आधी सांगायचा व्हता!"

* * *

मिठागर गेलं, उघाडी गेली. तिथे आता जॉगिंग ट्रॅक आहे. पण महादू रोज भरतीला तिथे जाऊन उभा राहतो. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तसा महादूही सरकतो. कधी सकाळी जातो, कधी भरदुपारी जेवणाच्या ताटावरून उठून.

त्याचा मुलगा निलेश बंदरात नोकरीला आहे. मनानं चांगला. त्याला वाटलं, बापाचं डोकं फिरत चाललंय. घेऊन गेला डॉक्टरकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"वार घेऊन काय करू? एकादशी हाय."

"बरं, आत्ता किती वाजले असतील?"

"भरतीला दीड तास हाय."

डॉक्टर निलेशला बाजूला घेऊन म्हणाले, "वेळेचं भान गेलंय. कधी बाहेर जातात ते आठ-दहा दिवस लिहून आणा."

निलेश वही घेऊन बसला. पण ठरवलं मात्र आधीच. रविवारी बापाला पुण्याला आपल्या बहिणीकडे पोचवायचं. पुण्यात कुठली आलीय भरती!

मी दोनदा निलेशला गाठलं. पहिल्या वेळी "अरे निलेश, तुझा बाबा..." एवढं म्हणेपर्यंत त्याची बाइक सुरू झाली. दुसऱ्या वेळी त्यानं हेल्मेट घातलेलं होतं. गफूरभाई चिडला, "तात्या, तू बोलेपर्यंत महादू लोणावळ्याला पोचेल!"

* * *

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो होतो. महादू नुकताच खाडीवरून आला होता. पुण्याचं कुणी काढत नव्हतं. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो.

तेवढ्यात निलेश आला. बंदराचा युनिफॉर्म अंगावर, एका हातात ती वही, दुसऱ्या हातात फोन. वहीत बघायचा, फोनमध्ये बघायचा. मी चौथ्यांदा उठलो.

तो बापाशेजारी बसला. मग विचारलं, "बाबा, रविवारी किती वाजता?"

"रविवार म्हंजे कदी?"

"परवा."

महादूनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "परवा नवमी. पावनेसातला."

निलेशनं फोन पुढे केला. "आमच्या बंदराच्या भरतीच्या टाइमटेबलमध्ये सहा पस्तीस आहे."

महादूनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "असंल की. तिथनं इथवर यायला पान्याला धा मिंटं नको?"