बोळक्याची थरथर

बोळक्या जन्माला आला तो टाकून द्यायच्या स्वेटरातून. मुलांच्या कार्यक्रमासाठी मगर हवी होती. टीव्ही केंद्रात कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींना कुणीतरी सहज म्हणालं, "बघा काही जमतंय का." मावशींनी नवऱ्याच्या जुन्या हिरव्या स्वेटरची बाही कापली, आत पुठ्ठ्याचा जबडा बसवला, बटणांचे डोळे लावले. दात शिवायला वेळच उरला नाही. बिनदातांची मगर कॅमेऱ्यासमोर आली, "घाबरू नका, मी नुसती विचारपूस करतो," म्हणाली, आणि पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. बाहीत हात घालायला त्या दिवशी दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मावशींनी घातला. केस पिकले तरी तो हात बाहेर निघाला नाही.

काम कसलं, शिक्षाच ती. टेबलाखाली उताणं पडायचं, हात वर धरायचा आणि पोटावर ठेवलेल्या छोट्या पडद्यात बघत बोलायचं. पाठीचा पार भुगा व्हायचा. घराघरात बोळक्या, पण मावशींना शेजारची बाईसुद्धा 'टीव्हीत शिवणकाम करतात त्या' म्हणून ओळखायची. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. खोटं कशाला सांगा, थोडं वाटायचं.

मग हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपात, नंतर बोळक्यात. आता आपल्याला नारळ मिळणार, या भीतीने मावशी मूग गिळून बसल्या. एका भागात बोळक्या नखशिखान्त हलला, तेव्हा दिग्दर्शक पडद्याकडे बघून खो खो हसला.

"झकास, मावशी! बोळक्याला थंडी वाजतेय. मुद्दाम केलंत ना?"

"हो तर," मावशी टेबलाखालून म्हणाल्या.

झालं. बोळक्याला मफलर आला. गावोगावच्या मुलांनी त्याच्यासाठी मफलर विणून घेतले आणि पोती भरभरून पाठवले. आंघोळीआधी बोळक्यासारखं थरथरायचं, असा नियमच पोरांनी करून टाकला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या लागू पडल्या, हात शांत झाला, आणि सेटवर सगळ्यांचे चेहरे उतरले. "आज बोळक्यात जीव नाही," दिग्दर्शक म्हणाला. मावशींनी हात मुद्दाम हलवून पाहिला. ते सोंग त्यांचं त्यांनाच बघवेना. तेव्हापासून चित्रीकरणाच्या दिवशी गोळी चुकवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

नवऱ्याला हे कळत होतं. "तुला तुझा हात प्यारा की ती बाही?" तो एकदा म्हणाला.

"बाही तुमचीच आहे," मावशी म्हणाल्या. तो हसला आणि त्याने गोळ्यांची डबी उचलून फळीवर ठेवली.

शेवटी बोटांना जबडाही उघडेना. दिग्दर्शक वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने बसायला खुर्ची दिली, तोंड भरून कौतुक केलं, 'वय झालं की पाठ धरतेच' म्हणाला आणि एका तगड्या, अदबशीर बाहुलीवाल्याला पुढे केलं. त्याने खाली वाकून मावशींना नमस्कार केला.

"आवाज जमला, चाल जमली," तो म्हणाला. "थरथर तेवढी हाती लागत नाही. ती मनगटातून येते की खांद्यातून?"

आता सांगावं, असं मावशींच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगायचं तरी काय? इतकी वर्षं मुलं ज्याला हसली, ते दुखणं होतं, हे? त्यांना आपलीच कीव आली. त्यांनी त्याचा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला.

"तुम्हीच शोधा," त्या म्हणाल्या.

माणूस मन लावून शिकणारा. डोळे मिटून तो ती थरथर बोटांनी ऐकत राहिला. मग बोळक्या हातावर चढवून त्याने ती थरथर करून दाखवली. हुबेहूब! दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. बाहुलीवाल्याने हात थांबवला.

"जमली का, मावशी?"

मावशींचा हात अजून मांडीवर हलतच होता. त्यांनी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, तर तोही हलू लागला.

"छान जमली," त्या म्हणाल्या.