सीटले डबल कव्हर

"आडनाव काय तुझं, बेटा?"

त्यानं विचारलं तेव्हा त्याचा मोबाईल वर होता. मी त्याच्या गाडीच्या बाजूले उभी, हातात टॉर्च, अन् तो मले सांगून राहिला होता की थोडी इकडे सरक, बोनेट पण आलं पाहिजे फोटोत. "मुलगी असून एवढ्या गाडीचं काम करते! शाब्बास. आमच्या ग्रुपवर टाकतो." मी हसून राहिली होती. खोटं काहून सांगू, मले बरं वाटून राहिलं होतं.

मी आडनाव सांगतलं.

"कुठले तुम्ही?"

"कामठी."

"अच्छा. अच्छा, अच्छा."

मोबाईल खाली आला अन् खिशात गेला. फोटो राहूनच गेला. तो आमच्या मॅनेजर साहेबाकडे वळला. मी दोन हातांवर उभी होती, तरी मी तिथं नाहीच असं बोलला. "सीटवर अजून एक कव्हर टाका. हिच्यासाठी. आईला घेऊन रामटेकला जायचंय, ती सोवळ्यातली आहे. बाकी काम करू द्या तिला, माझी काही हरकत नाही."

त्याची हरकत नव्हती! माह्या हातानं त्याच्या इंजिनातलं तेल बदलायले, फिल्टर बदलायले, गाडीखाली मान मोडून नट कसायले त्याची काहीच हरकत नव्हती. माह्या बुडाची तेवढी हरकत होती.

ज्यायले माहीत नाही त्यायले सांगते. आमचं वर्कशॉप वर्धा रोडवर आहे, मिहानच्या अलीकडे. तिथं युरोपातल्या महागड्या, पळणाऱ्या गाड्या येतात. जमिनीले इतक्या खेटून चालतात की आपल्या इथल्या गतिरोधकावर पोट घासते त्यायचं. कोणतीही गाडी आत आली की पहिलं काम म्हणजे सीटवर प्लास्टिकचं कव्हर, स्टेअरिंगले कव्हर, खाली पायाजवळ कागद. आमच्या कपड्याले ग्रीस असते, म्हणून. मॅनेजर बसला तरी त्याच कव्हरवर बसतो, टायरवाला बसला तरी त्याच कव्हरवर. त्यात कोणाचा अपमान नाही. पहिलं कव्हर ग्रीससाठी होतं. दुसरं माह्यासाठी होतं.

अन् मी बसली.

ही गोष्ट मले लपवायची नाही. सर्व्हिस झाल्यावर गाडी रस्त्यावर चालवून पाहावी लागते, रोड टेस्ट म्हणतात. ज्यानं काम केलं त्यानंच चालवायची अन् त्यानंच सही करायची. साहेब दुसरं कव्हर घेऊन आले, स्वतःच्या हातानं चढवलं, माह्याकडे न पाहता म्हणाले, "छोड ना. कस्टमर आहे. प्लास्टिकच तं आहे." मी बसली. जामठ्यापर्यंत गेली अन् परत आली. प्लास्टिकवर प्लास्टिक, प्रत्येक वळणावर मी सीटवर घसरून राहिली होती. हजारो रुपयाचं चामडं खाली अन् मी वर, पिशवीतल्या भाजीसारखी.

परत आली तं त्याचा ड्रायव्हर तयारच होता. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यानं दोन्ही कव्हरं ओढली अन् कचऱ्याच्या डब्यात टाकली. मंग ओल्या फडक्यानं स्टेअरिंग पुसलं. स्टेअरिंगवर कव्हर होतं, बापा! माह्या हाताचा स्पर्शही झाला नव्हता त्याले. तरी पुसलं. तो बिचारा वर मान करून पाहत नव्हता माह्याकडे.

मी काय केलं? हात धुतले. डबा खाल्ला. कोणाले काही बोलली नाही.

माही आई कामठीले पॉवरलूमवर होती, आयुष्यभर. कान गेले तिचे त्या खडखडाटात, जोरात बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. मी आयटीआय केलं तेव्हा मोटर मेकॅनिकच्या वर्गात एकटी पोट्टी होती. पुण्याले कंपनीच्या ट्रेनिंगले गेली, ब्रेकची परीक्षा पास झाली. आईनं अख्ख्या मोहल्ल्यात सांगतलं होतं, माही पोरगी अशा गाड्या दुरुस्त करते की तुम्ही टीव्हीवर पाहता. तिले मी काय सांगू? त्या दिवशी तिनं विचारलं, "आज काय केलं वं?" मी ओरडून म्हटलं, "भारी गाडी आली होती." लाज त्याले वाटायले पाहिजे होती. ती मी उचलून घरी घेऊन आली.

आम्ही बौद्ध आहोत. शिवाशिव, सोवळं, शिंपडणं-पुसणं आमच्या घरातून आजोबाच्या काळातच गेलं. मले वाटे, गेलं म्हणजे गेलं. आमच्या घरातून गेलं, त्यायच्या घरातून नाही गेलं, एवढी साधी गोष्ट मले समजायले पंचवीस वर्षं लागली.

वर्ष झालं. तीच गाडी पुन्हा सर्व्हिसले आली. साहेब खूश होऊन माह्याकडे आले. "ऐक, कस्टमरनं तुलेच मागितलं. म्हणाला, त्या मुलीलाच द्या, हात चांगला आहे तिचा." मले काय वाटलं सांगू? क्षणभर मले पुन्हा बरं वाटलं. या गोष्टीचा मले अजूनही राग येते. त्याच्यापेक्षा जास्त माह्यावर येते.

मंग जॉब कार्ड हातात आलं. गाडीचं काय काय करायचं ते त्या कागदावर छापून येते. इंग्रजीत असते, मी मराठीत सांगते. इंजिन ऑइल. ऑइल फिल्टर. एसीचा फिल्टर. ब्रेकचं तेल. समोरचे ब्रेक पॅड अन् डिस्क, दोन्ही नवीन. अन् सगळ्यात खाली, ग्राहकाच्या कायमच्या सूचना. टायरमध्ये नायट्रोजनच भरणे. गाडीत सेंट फवारू नये. टेक्निशियनसाठी सीटला डबल कव्हर.

मी तीनदा वाचलं.

कायमच्या सूचना. कायमच्या! कोणीतरी ते कॉम्प्युटरमंदी टाकलं होतं. आता दर वर्षी ते आपोआप छापून येणार होतं. तेल बदला, फिल्टर बदला, अन् हिले वेगळी बसवा. गाडीच्या नेहमीच्या देखभालीतलं एक काम झालं होतं ते.

मधल्या काळात त्याच गाडीचं पंक्चर आमच्या टायरवाल्या विक्कीनं काढलं होतं. मी त्याले विचारलं, "तू चालवली होती ना? तुले डबल कव्हर टाकायले सांगतलं होतं का?"

"कायले? एकच होतं." तो हसला. मंग माह्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू गेलं. "काहून वं, काय झालं?"

काय झालं म्हणे.

मी समोरच्या काउंटरवर गेली. जॉब कार्ड स्नेहा बनवते. ग्राहकाशी बोलणं, कॉम्प्युटरमंदी भरणं, हे तिचं काम. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिच्या घरच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या मले आवडतात म्हणून ती दोन जास्त आणे. मी तिच्यासमोर कागद ठेवला.

"हे तू टाकलं?"

"मागच्या वर्षी साहेबानं सांगतलं होतं. मी फक्त टाइप केलं वं."

"टाइप करताना वाचलं नाही?"

तिनं कागद माह्याकडे सरकवला. हळूच म्हणाली, "वाचलं."

खरं बोलली, एवढं तिच्या बाजूनं सांगते. पण त्या दुपारी मी तिच्या डब्यातला घास घेतला नाही, अन् अजूनही घेत नाही.

काम मी सोडलं नाही. कोणाले वाटेल रागात काहीतरी खराब करून टाकलं असेल, तं नाही. माह्या हातचं काम मी कोणासाठीच खराब करत नाही. जुनं तेल काढलं, नवीन भरलं. जुने पॅड काढले, डिस्क बदलल्या, ब्रेकची लाइन स्वच्छ करून नवीन तेल टाकलं. प्रत्येक नट मापानं कसला. सगळं केलं तेव्हा डोकं भणभणून राहिलं होतं, पण हात शांत होते.

आता राहिली रोड टेस्ट. नवीन ब्रेक लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात न्या, दाबा, हळू करा, पुन्हा वेगात न्या, पुन्हा दाबा. असं दहा-बारा वेळा केलं की पॅड डिस्कवर बसतात. ते झालं नाही तं पहिल्याच चौकात गाडी पाहिजे तिथं थांबणार नाही. या गाडीच्या ब्रेकचं ट्रेनिंग आमच्याकडे माह्या एकटीचंच झालेलं. माही सही झाल्याशिवाय ही गाडी ग्राहकाच्या हातात जात नाही.

साहेब कव्हर घेऊन आलेच. एक सीटवर होतंच, त्यावर दुसरं चढवलं. मी पुढं झाली अन् ते वरचं काढून त्यायच्या हातात दिलं.

"काय करून राहिली तू?"

"एक कव्हर सगळ्यायले आहे, साहेब. मी एकावरच बसीन."

"तमाशा नको करू. तो काचेतून पाहून राहिला."

"पाहू द्या."

तो आलाच बाहेर, हातात कॉफीचा कप. चेहरा एकदम प्रेमळ. "बेटा, गैरसमज करून घेऊ नकोस. मी जातपात मानत नाही. तूच हवी म्हणून मीच सांगितलं ना?"

"मी पाहिजे तं मी बसीन. सगळे बसतात तशी."

"आईचा प्रश्न आहे, बेटा. म्हातारं माणूस."

"तुमच्या आईले सांगा, ब्रेक कोणं लावले ते. माह्या ब्रेकवर त्यायचा जीव चालते, ते सोवळ्यात चालते का?"

मले माहीत नाही हे माह्या तोंडून कसं निघालं. वर्षभर आत साचलं होतं ते भडकन बाहेर आलं. मशीन थांबले, पोट्टे पाहून राहिले. त्याचा प्रेमळ चेहरा गेला कुठच्या कुठं. आतला होता तो वर आला.

"यांना डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही लोकांनी," तो साहेबाले म्हणाला.

यांना. एवढ्या वेळची बेटा मी, एका वाक्यात 'यांना' झाली.

"सॉरी बोल," साहेब म्हणाले.

मी जॉब कार्ड उचललं. खाली टेक्निशियनच्या शेऱ्यासाठी जागा असते. तिथं आम्ही लिहितो, टायर घासले आहेत, बॅटरी कमजोर आहे. मी पेन काढला अन् मराठीत लिहिलं. 'ब्रेकचे काम पूर्ण. रोड टेस्ट झाली नाही. ग्राहकाने माझ्या जातीसाठी वेगळे सीट कव्हर मागितले, वर्कशॉपने दिले, मी नाकारले. ही गाडी रस्त्यावर नेण्यास सुरक्षित नाही.' खाली पूर्ण नाव लिहिलं. आडनाव जरा मोठ्या अक्षरात. एक प्रत आमची असते, ती घडी करून खिशात टाकली.

"घरी जा," साहेब म्हणाले. "मी सांगेपर्यंत येऊ नको."

मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकात गेली. तिथून कामठीचा शेअर ऑटो. खोटी बहादुरी सांगत नाही, मले भेव वाटून राहिलं होतं. एवढ्या मेहनतीची नोकरी, ट्रेनिंग, सगळं जाते की काय.

आईले सगळं सांगतलं. तिच्यासाठी ओरडून सांगावं लागते, तं शेजारपाजारनंही ऐकलं. ऐकू द्या. तिनं गॅस बंद केला.

"मागच्या वर्षीचं आहे हे? काहून सांगतलं नाही वं मले?"

मी जॉब कार्डाची घडी तिच्या हातात दिली.

"अन् तू बसली त्याच्यावर?"

"हाव. बसली."

ती रडली नाही. माह्याकडे पाहत राहिली, अन् तिच्या नजरेत जे होतं ते मले त्या माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मंग म्हणाली, "चप्पल घाल. मी येते संग."

पोलीस ठाण्यातल्या साहेबानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "प्लास्टिकच्या कव्हरची तक्रार?"

"कव्हरची नाही जी," मी म्हटलं. "ही छापलेली ओळ वाचा. ती कोणासाठी छापली ते लिहून घ्या."

आईले अर्धं ऐकू येत नव्हतं. ती फक्त बाकावर बसून होती, उठायचं नाव घेत नव्हती. दोन तासांनी तक्रार घेतली. पोच दिली.

काल मॅनेजर साहेबाचा फोन आला. आवाजात साखर. "ती ओळ काढून टाकली सिस्टिममधून. झालं ते झालं. गाडी तीन दिवसांपासून उभी आहे, कस्टमर ओरडून राहिला. तू ये, सही कर, अन् ती तक्रार तेवढी वापस घे."

"काढली म्हणता साहेब, म्हणजे होती ना?"

साहेब पुन्हा कस्टमरचं सांगायले लागले.

"पोलिसाले हेच सांगा," म्हटलं, अन् फोन ठेवला.

लोक म्हणतात, एक तं नोकरी ठेव, नाही तं तक्रार ठेव. काहून? चूक त्यायची अन् सोडायचं मी? मी दोन्ही ठेवीन. नोकरी मी शिकून मिळवली, ती कोणाच्या मेहरबानीची नाही. तक्रार मी वर्षभर गिळली होती, आता एक शब्दही वापस गिळणार नाही.

उद्या सकाळी मी गेटवर असीन, युनिफॉर्म घालून. गेट उघडलं नाही तं ते पण लिहून घेईन, वेळ टाकून. उघडलं तं त्या गाडीत एका कव्हरवर बसीन, तिचे ब्रेक नीट बसवीन अन् माह्या नावानं सही करीन. अन् त्या माणसाले हे मंजूर नसेल तं त्यानं ती गाडी ट्रकवर टाकून मुंबईच्या वर्कशॉपले न्यावी. तिथंही कोणीतरी गाडीखाली असणारच. त्यानं त्याले आडनाव विचारून पाहावं.