पुठ्ठ्यापलीकडचा भिडू

खुशालरावांनी उभ्या आयुष्यात कोणाचाही वरचा कापूस खरा मानला नाही. चौतीस वर्षं ते कापसाचे ग्रेडर होते. आधी अकोटला, मग दर्यापूरला, शेवटी अमरावतीत. गाडी फाटकात लागली की मालक मोठ्या कौतुकानं वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचा आणि खुशालराव तिकडे ढुंकूनही न बघता कोपरापर्यंत हात आत घालायचे. मूठभर कापूस बाहेर काढून त्यातली एक सरकी दाताखाली धरायचे. कट् वाजली तर माल सुका, नाही तर पाणी मारलेला. "वरून तं सगळंच पांढरं असते," असं ते म्हणत, आणि पन्नास गाड्यांमागे चार-पाचदा ते खरंही निघे. उरलेल्या पंचेचाळीस गाड्या त्यांच्या लक्षात राहत नसत.

नोकरी संपली, तरी हात आत घालायची खोड गेली नाही. दूधवाला, गॅसवाला, वीजमीटर वाचणारा, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी दारात उभं करून उलटतपासणी घेतलेली. पुण्याचा जावई पेढे घेऊन आला तर ते डबा उलटा करून तारीख बघत. बायकोवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. यात मोठेपणा काही नव्हता. कौशल्याबाईंच्या आयुष्यात संशय घेण्याजोगं काही घडायला वेळच मिळाला नव्हता. सासू-सासऱ्यांची दुखणी, दोन नणंदांची बाळंतपणं, तीन लेकरांच्या परीक्षा, यातच त्यांची चाळीस वर्षं गेली.

मग शेजारच्या साधनाताईंनी घोळ घातला. या बाई कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि राजापेठेच्या मागच्या गल्लीतल्या क्लबच्या सेक्रेटरी. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे पत्त्यांच्या ब्रिजचा वर्ग काढला आणि कौशल्याबाईंना "नुसतं बसून तर बघा" म्हणून नेलं. त्या बसल्या त्या बसल्याच. दिवाळीपर्यंत क्लबात त्यांच्याइतकं बरं खेळणारं दुसरं माणूस उरलं नाही. असलंच तर एक, त्यांचे भिडू गयासुद्दीन सर. परतवाड्याच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक, बायको वारलेली, बोलायला मोजके, कानात ऐकायचं यंत्र.

संध्याकाळी सातला कौशल्याबाई घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असे. भाकरी थापताना त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटत आणि मध्येच हसत. त्रेसष्टाव्या वर्षी बायको एकटीच हसते, हे लक्षण खुशालरावांना काही बरं वाटेना.

"काय हाय एवढं त्या क्लबात?" त्यांनी एकदा विचारलं.

"पत्ते हायेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "या ना तुमी बी. शिका."

बोलावणं इतकं सरळ होतं, की त्यांचा संशय दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते क्लबात हजर झाले.

खुशालरावांना पत्ते येत नव्हते असं नाही. अकोटजवळच्या त्यांच्या गावात लग्नाच्या मांडवात रात्र-रात्र मेंढीकोट चाले, आणि त्यात ते नावाजलेले होते. पण तिथला खेळ पत्त्यांचा जितका, तितकाच खुणांचा. कानाची पाळी चोळली की इस्पिक, मिशीवरून बोट फिरवलं की बदाम, गुडघा खाजवला की चौकट, खाकरलं की किलवर. याला कोणी लबाडी म्हणत नसे. ज्याला खुणा येत नसत त्याला भिडूच मिळत नसे. समोरच्यांच्या खुणा पकडणं ही तर त्याहून मोठी विद्या, आणि ती खुशालरावांकडे होती.

साधनाताईंनी त्यांना ब्रिज समजावलं. इथेही चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू, प्रत्येकाला तेरा पत्ते. आधी बोली लावायची, म्हणजे कोणत्या रंगाचा हुकूम ठेवून आपण किती हात करू ते सांगायचं; आकडा सहाच्या पुढचा, चार म्हणजे दहा हात. या बोलीतूनच भिडूला आपल्या पत्त्यांचा अंदाज द्यायचा. त्याखेरीज शब्द नाही, इशारा नाही. ज्याची बोली चढली त्याच्या भिडूनं आपले तेराही पत्ते टेबलावर उघडे मांडायचे आणि गप्प बसायचं. त्याला म्हणतात डमी. डमीचे पत्ते बोलीवाला सांगेल तसे पडणार.

"उघडे? सगळ्यांसमोर?" खुशालरावांनी तीनदा विचारलं. आपणहून आतला माल दाखवणारा माणूस त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. यात नक्की मेख आहे असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पहिले पंधरा दिवस ती शोधण्यात घालवले.

त्यांना भिडू मिळाल्या माणिकबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांनी दोन बदाम बोलावं आणि खुशालरावांनी भुवया चढवून "खरंच हायेत का?" असं विचारावं, हे रोजचंच झालं. "मी पेशंटले ताप हाय म्हटलं तं डॉक्टर बी पुन्हा मोजत नव्हते," एकदा त्या कडाडल्या. सगळा क्लब हसला. खुशालराव हसले नाहीत. त्यांचं लक्ष शेजारच्या टेबलावर होतं.

तिथे गयासुद्दीन सरांनी कानाची पाळी चोळली होती. आणि कौशल्याबाईंनी इस्पिक टाकलं होतं.

कौशल्या अकोटची लेक. तिच्या माहेरच्या मांडवातही याच खुणा चालत. तिला त्या येत नसतील असं म्हणणंच वेडेपणाचं. त्या दिवसापासून त्यांनी खिशात डायरी ठेवली. अमुक तारीख, कान, इस्पिक. तमुक तारीख, खाकरणं, किलवर. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. या काळात सरांनी साठ-सत्तरदा कान चोळला असेल, कारण ते यंत्र सारखं कुईं करायचं. पण जे जुळलं नाही ते लिहायचं असतं हे खुशालरावांना सुचलंच नाही. यंत्र म्हणजे निव्वळ निमित्त, असं त्यांचं मत. रात्री अंथरुणावर पडून ते पाठमोऱ्या बायकोकडे बघत आणि त्यांना वाटे, ही आणखी काय काय लपवत असेल?

पत्त्यांपेक्षा त्यांना हेच जास्त सलत होतं. परक्या माणसाशी तिची एक भाषा आहे आणि त्या भाषेत आपल्याला जागा नाही. हे ते कबूल करणार नाहीत, म्हणून मीच सांगून टाकतो.

अकोल्याला जोड्यांची स्पर्धा होती. क्लबकडून कौशल्याबाई आणि गयासुद्दीन सर जाणार, असं साधनाताईंनी चहाच्या वेळी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर खुशालराव उठले आणि डायरी उघडून अकराच्या अकरा नोंदी त्यांनी वाचून दाखवल्या.

"खुणा करून राहिले हे दोघं," ते म्हणाले. "माही बायको असली म्हनून मी झाकणार नाही."

गयासुद्दीन सरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खुशालभाऊ, पंचवीस साल मास्तरकी केली. कॉपी करनाऱ्या पोराले बी मी सगळ्यांसमोर उभं नाही केलं." कपात उरलेला चहा कौशल्याबाईंनी संपवला आणि पायी घरी गेल्या.

घरी त्यांनी वरण-भात वाढला. खुशालराव जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या.

"चाळीस वर्षांत मी तुमाले एक तरी गोठ खोटी सांगितली का?"

"पत्त्यांची गोठ येगळी."

"नाही येगळी. मले बक्षीस नाही पायजे, अकोला बी नाही पायजे. मी जे बोलतो ते खरं मानता का नाही, तेवढं सांगा."

खुशालराव भात कालवत राहिले. हो म्हणावं तर डायरी खोटी पडत होती. "पाहू," ते म्हणाले.

साधनाताई गणिताच्या बाई. त्यांनी पुराव्याला पुरावा काढला. मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदा लावतात हे त्यांना माहीत होतं. पडदा आणायचा कुठून? क्लबात नवा कूलर आला होता, त्याच्या खोक्याचा पुठ्ठा टेबलाच्या मधोमध उभा केला. खाली वीतभर खिडकी कापली. तिच्यातून पत्ते दिसतील, फार तर बोटं दिसतील, चेहरे नाहीत. बोलीसुद्धा तोंडानं नाही. चिठ्ठीवर लिहायची आणि साधनाताईंनी मोठ्यानं, एका सुरात वाचायची. सरांचं यंत्र साधनाताईंच्याच पर्समध्ये. खुशालराव दोन्ही बाजू दिसतील अशा बेतानं खुर्ची टाकून बसले, आणि पुठ्ठा कुठे हलत तर नाही ना, हे त्यांनी दोनदा हातानं दाबून पाहिलं.

बारा डाव झाले. कौशल्याबाई आणि सर रोजच्यापेक्षा बरे खेळले. नवव्या डावात सरांनी कानाकडे हात नेला, यंत्र नाही हे ध्यानात येऊन खाली घेतला, आणि पुठ्ठ्यापलीकडून कौशल्याबाईंनी नेमकं तेच पान टाकलं जे टाकायला हवं होतं. कोणी खुशालरावांकडे बघेना. न बघणं किती मोठ्यानं ऐकू येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी डायरी खिशात सारली. "यंत्राशिवाय बी काही तरी असू शकते," ते पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता.

कौशल्याबाई म्हणाल्या, "साधनाताई, पुठ्ठा राहू द्या. सर, तुमी बाजूच्या खुर्चीवर बसा, माणिकबाई तुमच्यासंगं. अन् यायले बसवा माह्या समोर. एकच डाव."

खुशालराव बसले. समोर तपकिरी पुठ्ठा, त्यावर कूलरचं चित्र, आणि खाली खिडकीत बायकोची दहा बोटं. ती बोटं ते रोज बघत होते, पण अशी चेहऱ्यावेगळी पहिल्यांदाच दिसली. तिचा चेहरा बघितल्याशिवाय ती काय म्हणते आहे ते ठरवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

पत्ते वाटले. त्यांच्या हातात सहा किलवर आली, गुलामापासून खाली. इस्पिकची एकटी दुरी.

चिठ्ठी गेली. "एक इस्पिक," साधनाताईंनी वाचलं. कौशल्येची बोली.

खुशालरावांनी दोन किलवर लिहिलं.

"चार इस्पिक," साधनाताई म्हणाल्या.

क्लबात येऊन महिना झालेल्या माणसालाही याचा अर्थ समजतो. भिडू सांगतो आहे, की तुझी किलवर राहू दे, माझ्या इस्पिकवर आपले दहा हात होतात. खुशालरावांनी एवढंच करायचं होतं की चिठ्ठीवर 'पास' लिहायचं.

त्यांनी पेन उचललं आणि ते थांबले. दहा हात? एवढं कुठून आलं हिच्याकडे? आपल्या हातात तर एक दुरी आहे. ही चिडलेली आहे. चारचौघांत आपल्याला तोंडघशी पाडायला तर नाही ना बोलली? की या तिघांनी आधीच ठरवलं आहे? पुठ्ठ्याखालची बोटं अगदी शांत होती. माणूस इतका शांत असतो तेव्हाच आत ओलं असतं, असं त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान.

त्यांनी लिहिलं, पाच किलवर.

साधनाताईंनी ते वाचलं तेव्हा त्यांचा एकसुरी आवाज पहिल्यांदा अडखळला. गयासुद्दीन सरांकडे किलवरचे एक्का, राजा, राणी तिन्ही होते. ते ही बोली दुप्पट करून, म्हणजे पडलेल्या हातांचा दंड वाढवून, खुशालरावांचं हसं करू शकत होते. त्यांनी पास लिहिलं. कौशल्याबाई अजूनही इस्पिकवर परत येऊ शकत होत्या. त्यांनीही पास लिहिलं. माणिकबाईंनी मान हलवत तेच केलं. बोली खुशालरावांची झाली आणि डमी कौशल्याबाई.

सरांनी चौकटचं पहिलं पान टाकलं. आणि खिडकीतून कौशल्याबाईंनी आपले पत्ते एकेक करून उघडे मांडले. इस्पिकचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नश्शी, अठ्ठी. बदामचा एक्का. चौकटचे एक्का, राजा आणि तीन चिल्लर पानं. किलवर एकही नाही. दहा हात बोलली होती, दहा मांडले होते. एक कमी नाही, एक जास्त नाही.

खेळायचं तर होतंच. पहिला हात डमीतल्या चौकटच्या एक्क्यानं घेतला. डमीला बोलायची परवानगी नसते. खुशालराव नाव घेतील ते पान तिने गुपचूप पुढे सरकवायचं. "इस्पिकचा एक्का," ते म्हणाले. बोटांनी एक्का सरकवला. तो हात झाला. "इस्पिकचा राजा," ते म्हणाले. राजा सरकला, आणि सरांनी तो किलवरच्या चौव्वीनं मारला, कारण हुकूम आता किलवर होता. "राणी." तीही तशीच गेली. तिची एकेक खरी पानं खुशालराव स्वतःच्या तोंडानं मागत होते आणि मरताना बघत होते. गुलामाचं नाव ते इतकं हळू बोलले, की त्यांना ते दोनदा घ्यावं लागलं. बोटं एकदाही थरथरली नाहीत. ठरल्यापेक्षा चार हात कमी पडले.

साधनाताईंनी पुठ्ठा काढला. डावभर न दिसलेला कौशल्याबाईंचा चेहरा दिसला. त्यावर राग असेल अशी खुशालरावांची खात्री होती, आणि रागाला काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी शोधून ठेवलं होतं. राग नव्हता. दमलेला, जरासा ओळखीचा चेहरा होता, दुखणाइताच्या उशाशी रात्र काढून सकाळी चहा करायला उठायची तेव्हाचा.

खुशालराव उभे राहिले. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून सगळ्यांसमोरच बोलायचं होतं. चौतीस वर्षांत एकाही गाडीवाल्याला न म्हटलेलं वाक्य त्यांनी उच्चारलं.

"माह्यं चुकलं, कौशल्ये. तुह्यं खरं होतं."

कौशल्याबाईंनी टेबलावरचे उघडे पत्ते ओढून घेतले आणि त्यांची चवड नीट केली.

"उघडे पत्ते पाहून तं कोनीबी इस्वास ठेवते," त्या म्हणाल्या, आणि गयासुद्दीन सरांना अकोल्याची एसटी सकाळी किती वाजता आहे ते विचारू लागल्या.