आई कमी दाबानं येते

तुमच्या वॉर्डातल्या नगरसेविकेची घरी जेवायला कोण वाट बघतं, असं कधी कोणाला विचारलंय का तुम्ही? कोणीच विचारत नाही. पाण्याचं विचारतात, गटाराचं विचारतात. मी सुनंदाताईंच्या कोपरमधल्या ऑफिसात फोन घेते, म्हणून मला ठाऊक. ताईंचे मिस्टर गेले तेव्हा त्यांची गौरी दुसरीत होती. पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, ताई निवडून आल्या, आणि ऑफिसच्या दाराशी चपला साचाव्यात तसे आमच्याकडे किस्से साचत गेले. सगळे हसायचेच. आता मात्र सांगताना हसू अर्ध्यावर थांबतं.

*

गौरी आठवीत असतानाची पालकसभा. ताई चक्क वेळेवर पोहोचल्या! पण वर्गात पाय ठेवला आणि बाकीच्या पालकांनी घेरलंच.

"ताई, आमच्या गल्लीतला दिवा!"

"ताई, कचऱ्याची गाडी!"

ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तोवर बाई प्रगतीपुस्तकं आवरून निघूनही गेल्या.

घरी येताना गौरी म्हणाली, "बरं झालं. मी गणितात नापास झालेय, ते राहूनच गेलं!"

*

मग तो वाढदिवस. कार्यकर्त्यांनी चौकात गौरीच्या वाढदिवसाचा बॅनर लावला. वर पक्षाचे नेते, मध्ये हात जोडलेल्या ताई, खाली शुभेच्छुकांची रांग. गौरी माझ्याबरोबर रिक्षातून उतरून बघतच राहिली.

"मावशी, यात मी कुठंय?"

होती की! कोपऱ्यात, मंडप डेकोरेटरच्या जाहिरातीशेजारी.

*

कॉलेजात गेल्यावर एकदा तिनं ऑफिसात फोन केला. आवाज मुद्दाम घोगरा काढलेला.

"तक्रार आहे. आमच्याकडे आई रोज येत नाही. आली तर उशिरा, तीही कमी दाबानं!"

मी हसत सुटले. "गौरी, गप गं! लाइन अडवू नकोस."

"नाही मावशी, लिहून घ्या. तुमच्याकडे तक्रारीवर कारवाई होते ना?"

ताईंना सांगितलं. त्याही खूप हसल्या. मग म्हणाल्या, "शोभा, आज लवकर निघते गं." पर्स उचलली, आणि तेवढ्यात पाइप फुटल्याचा फोन आला.

*

गौरीचं लग्न माजिवड्याच्या एका हॉलमध्ये होतं. दाट मुहूर्त, वॉर्डात लग्नंच लग्नं! गौरीनं एकच मागितलं होतं, "आई, त्या दिवशी एकाच लग्नाला जा."

ताईंनी शब्द दिला. मोबाइल माझ्या पर्समध्ये टाकला. मामा तयार असताना कन्यादान स्वतः केलं. पंगतीत जिलेबी वाढली. गौरी सारखी वळून आईकडे बघत होती.

संध्याकाळी रिसेप्शनला ताई फोटोसाठी स्टेजवर गेल्या. गौरीच्या डोक्यावर हात ठेवला, जावयाला गुच्छ दिला, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. "सुखी राहा. काही लागलं तर सांगा." आणि दोन्ही बाजूंना नमस्कार करत त्या खाली उतरल्या, त्या थेट गेटबाहेर! ताई येताना दिसल्या तशी बबन ड्रायव्हरनं सवयीनं गाडी पुढे आणली. ताई बसल्या. गाडी हायवेला लागली.

बरंच पुढे गेल्यावर ताईंनी विचारलं, "पुढचं कुठलं रे?"

बबन म्हणाला, "ताई, आज पुढचं नाहीये."

गाडी वळवायला लांब जावं लागलं, त्यात माजिवड्याचा ट्रॅफिक. इकडे वऱ्हाडाला नाशिक गाठायचं होतं. गौरी सजवलेल्या गाडीत बसून गेटकडे बघत राहिली. सासरे भले, थांबून राहिले. शेवटी गौरीच म्हणाली, "निघू या." गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला.

"मावशी, आईला बोलू नका हं. आज ती बराच वेळ थांबली."

ताई पोहोचल्या तेव्हा डेकोरेटरची माणसं फुलं उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला, तेव्हा ताईंनी तो मला उचलू दिला नाही, धावत येऊन स्वतः उचलला. मागच्या गल्लीत गटार तुंबलं होतं. ताईंनी नाव आणि पत्ता लिहून घेतला.