किटली दादाकडे, तबक धाकट्याकडे

मावशींची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आमची गल्ली मानते. गल्लीपेक्षा जास्त मावशी स्वतः मानतात. पंचेचाळीस वर्षं त्या दुकानाच्या खिडकीशी बसून चांदीवर नावं कोरतायत. डोळ्याला भिंग, हातात कोरणी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. अक्षर मात्र असं, की माणसाला आपलंच नाव नव्याने आवडावं.

एका सकाळी निवृत्त हेडमास्तर चांदीचं तबक घेऊन आले. तबक आणि जोडीची किटली त्यांच्या आजोबांच्या वेळची. स्वतःच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा वडिलांनी दोन्हींवर दोन्ही मुलांची नावं कोरून घेतली होती, तीही मावशींकडूनच. पुढे वाटणीत तबक थोरल्याकडे आलं, किटली धाकट्याकडे गेली.

"धाकट्याचं नाव घासून टाका," हेडमास्तर म्हणाले. "सहा महिने बोलत नाही माझ्याशी!"

"आणि तुम्ही?"

"मी कशाला बोलू? मी थोरला आहे!"

मावशींनी तबक उजेडात धरलं. "पुसून पुसून पापुद्रा झालाय, मास्तर. नाव काढलं तर भोक पडेल. ठेवून जा, बघते काय ते."

दुपारी धाकटा हजर! काखेत किटली. "दादाचं नाव काढा."

मावशी हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "ठेवून जा. परवा घरपोच मिळेल."

दुकानात पॉलिशचं काम माझं. "आता हो काय करणार?" हातातलं फडकं ठेवून मी विचारलं.

"स्वतः कोरलेलं मी कधी पुसलं नाही. या वयात सुरुवात करू?"

ठरल्या दिवशी दोन्ही वस्तू उजळून घरपोच गेल्या. नावं जागच्या जागी. फक्त किटली हेडमास्तरांकडे गेली आणि तबक धाकट्याकडे.

तासाभरात दोघे भाऊ आलेली वस्तू हातात घेऊन जाब विचारायला दुकानात, समोरासमोर.

"माझं नाव काढायला निघाला होतास?" हेडमास्तर गरजले.

"आणि दादा, तू काय तबक हवा खायला पाठवलं होतंस?"

हेडमास्तर खो खो हसत सुटले. धाकट्यालाही हसण्यावाचून काही इलाजच उरला नाही.

मावशींनी भिंग न काढता स्टोव्हकडे बोट दाखवलं. "भांडायचं तर बसून भांडा. किटली आहे, तबक आहे. चहा तेवढा टाका."

चहा धाकट्याने ओतला. पहिला कप दादाला. वस्तूंची अदलाबदल रविवारी, दादाच्या घरी जेवून करायची ठरली.

मावशींची पहिली चूक म्हणून गल्लीत दवंडी पिटली गेली. मावशींनी ती शांतपणे ऐकली आणि सांगितलं, "पार्सलांवरचे पत्ते माझ्या मदतनिसाने लिहिले होते."


म्हणजे मी!