बंद

सोलापुरात मास्तर म्हणून आलो तेव्हा माझे माझ्याविषयी मत फारच चांगले होते. आमच्या गावी, वैरागला, मी नकलांसाठी प्रसिद्ध होतो. मामलेदार कसा शिंकतो, भटजी दक्षिणा कशी चाचपून बघतो, हे मी करून दाखवू लागलो की माणसे पोट धरून हसत. परक्या गावात चार माणसे जोडायला एवढी शिदोरी पुष्कळ झाली, अशी माझी समजूत होती.

जोडली गेली ती दोनच. एक सुताचा व्यापारी, त्याला मी शेट म्हणे. दुसरा त्याचा साडू, गिरणीतला हजेरी कारकून. दोघेही अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाजारात मराठी. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की दुकानाच्या ओट्यावर आमची बैठक बसे. शाळा, भाड्याची खोली आणि तो ओटा, एवढेच माझे सोलापूर. त्यातला ओटा गेला असता तर मला त्या गावात बोलायला कुत्रेसुद्धा उरले नसते.

आणि तो जाणार असे मला वाटू लागले. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की शेट साडूकडे वळून हळूच म्हणे, "बंद!" आणि रंगात आलेले बोलणे खटकन थांबे. मी ओटा चढेपर्यंत दोघे गप्प. पहिल्यांदा वाटले, भास झाला. दुसऱ्यांदा कान टवकारले. मग ते रोजच ऐकू येऊ लागले. म्हणजे तोंड बंद करा, तो आला! पाठीमागे माझीच चर्चा चालते याविषयी मला शंका उरली नाही. काय चालते, एवढेच कळायचे होते.

मी तपासाला लागलो. टवका उडालेली बशी नेमकी माझ्याच वाट्याला येते का, ते पाहिले. येत होती, पण कधी कधी शेटही तीच घेई. हा त्याचा धूर्तपणा असणार. साडू माझ्या डोक्याच्या रुमालाकडे पाहून हसला असे वाटले, तर मी घरी जाऊन तो रुमाल उलटासुलटा करून पाहिला. नकला तर सोडूनच दिल्या. न जाणो, मी गेल्यावर माझ्याच नकला होत असतील. नुसता बसून राही आणि त्यांचा शब्दन् शब्द ऐके. साडूच्या म्हशीची आटलेली धार, शेटच्या सासऱ्याचे दुखणे, सगळे मी कोर्टातली साक्ष ऐकावी तसे ऐकले. माझा विषय कुठेच निघेना, म्हणून संशय आणखी वाढला.

शेवटी एके दिवशी मी मागच्या बोळातून आलो आणि सुताच्या गठ्ठ्यांआड उभा राहिलो. साडू म्हणत होता, "तर मामा शिडीवर, आन् खाली रेडा!" शेट हसता हसता मागे रेलला आणि त्याला मी दिसलो.

"बंद!"

सामसूम. माझे डोकेच फिरले.

"काय बंद? मी आलो की तोंडं बंद? मी काय पोलिसांचा माणूस आहे? नको असेन तर सरळ सांगा, उद्यापासून येत नाही!"

दोघे माझ्याकडे बघतच राहिले. मग साडूला असे हसू फुटले की चहा त्याच्या नाकात गेला.

"अवो मास्तर," शेट म्हणाला, "आमच्या कानडीत बंद म्हंजे आला. तुमी आला, एवढंच सांगतो मी ह्याला."

"मग गप्प का बसता?"

"तुमाला अर्धीच गोष्ट ऐकवायची व्हय? तुमी आला की पयल्यापासनं सांगायची, म्हणून थांबतो. कान देऊन ऐकणारं माणूस हितं तुमीच एकटं. आमाला तर एकमेकाचं ऐकून लई कटाळा आलाय की."

मी ऐकणारा! उभ्या जन्मात मला असे कोणी म्हटले नव्हते.

"आणि माझ्या नकला?" मी विचारले.

शेट जरा घुटमळला. "त्या सोडल्या ते बरं केलं. लई लांबवत होता तुमी."

राग गिळून मी रेड्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकली. पण खोलीकडे परतताना मनात आलेच, की ही सारवासारव तर नसेल? आमच्या घरमालकीणबाई कानडीच बोलत. सकाळी त्यांना गाठले.

"बंद म्हंजे आला," त्या म्हणाल्या.

"मग मी आलो की तुम्हीही तसेच म्हणता?"

त्यांनी जीभ चावली. "छे! तुमाला बंद्रु. म्हंजे आले. मास्तराला बंद कसं म्हणायचं? बंद आपलं घरच्याला. भाऊ आला, ल्योक आला, तवा बंद."

त्या दिवशी शाळेत माझे लक्ष लागले नाही. मुलांनी गणिते चुकवली, मी ती बरोबर म्हणून तपासून दिली. एकच भीती छातीत बसली होती. काल एवढा आरडाओरडा केल्यावर आज ते मला काय म्हणतील? बंद्रु म्हणाले तर? तोंडावर ते मला नेहमीच मास्तर म्हणत, तुमी म्हणत. त्यावरून काही कळण्याजोगे नव्हते.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबलो. शेट पाठमोरा बसला होता, साडू हातवारे करून काहीतरी सांगत होता. मी मुद्दाम खोकलो.

शेटने मान वळवून पाहिले. हातातली बशी खाली ठेवली. मग साडूच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "बंद!"