सुनंदाअक्कांचे मांडे

दिपमालाच्या बॅगेत झोपेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली, तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. पोर जळगावच्या होस्टेलवरून सणाला घरी, शिंदखेड्याला आलेली. विचारल्यावर म्हणाली, परीक्षेचं डोक्यात फिरत राहतं, मैत्रिणीकडची अर्धी घेतली की डोळा लागतो. तिच्या आईने, कामिनीने, डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. पण सोमवारला चार रात्री होत्या. गोळ्या संपलेल्या, आणि पोर रात्रभर कूस बदलत होती.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुनंदाअक्का लग्नाकार्याला पुरणाचे मांडे करून देतात. बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान पंडितभाऊ अपघातात गेले. त्यानंतर कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून बसलेल्या अक्का कामिनीने पाहिल्या होत्या. मग एका लग्नघरी मांडे करायला हात कमी पडले म्हणून बोलावणं आलं. अक्का गेल्या, आणि संध्याकाळी घाम पुसत परतल्या. दारातूनच म्हणाल्या, "भूक लागनी." त्या दिवसापासून त्यांचं मांडे भाजायचं मातीचं खापर थंड पडलेलं कोणी पाहिलं नाही.

आखाजीचे मांडे आणायच्या निमित्ताने कामिनी लेकीला घेऊन गेली. अक्कांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पोरीला चार शब्द सांगा म्हणाली. अक्कांनी एकही सांगितला नाही. दिपमालाला हात धुवायला लावले आणि पुरण भरून लाटलेला एक मांडा तिच्या हातांवर ठेवला. आता तो झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा.

पहिला फाटला. दुसराही. चौथा थेट चुलीत गेला.

"मला नाही जमणार, अक्का," दिपमाला हात झटकत म्हणाली.

"मन परीक्षाले गयं का मांडा फाटस," अक्का म्हणाल्या. "हातकडे देख."

आणि पुढचा मांडा तिच्या हातांवर आला. पुरण वाया जात होतं, अक्कांना त्याचं काही नव्हतं.

सातवा मांडा फिरू लागला तेव्हा कामिनीने विचारलं, पाणी देऊ का. दिपमालाला ते ऐकूच गेलं नाही. एरवी लेकीने उत्तर दिलं नाही की कामिनी घाबरायची. आज तिला हायसं वाटलं. पोरीचे आवळलेले ओठ सैल झाले होते, श्वास हातांच्या लयीत चालला होता. मांडा खापरावर आख्खा उतरला.

दुपारी चारला दिपमाला तिथेच गोणपाटावर, कोपरापर्यंत पीठ घेऊन झोपली. कामिनी उठवायला वाकली.

"झोपू दे तिले," अक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "बठ्ठा मांडा मी करी लेस." आणि उरलेले सगळे मांडे त्यांनी एकटीने करायला घेतले.

पोर दिवेलागणीला जागी झाली. रात्रीही तीनेक तास लागले डोळे. फार नाही, पण गोळीशिवाय.

सोमवारची वेळ कामिनीने तशीच ठेवली आहे. दिपमालाही जाऊ म्हणाली. फक्त त्याआधी सकाळी तिला अक्कांकडे जायचंय, कणीक तिंबायला.